पुढे शून्य असेपर्यंत

"घड्याळ काढा, बांगडी काढा आणि कोपरापर्यंत हात धुवा," आवळे सिस्टर म्हणाल्या.

"मी बाळांना हात लावणार नाहीये. नुसता कॉम्प्युटर बघायचाय."

"कॉम्प्युटरला तुमच्यामागनं माझ्या पोरी हात लावणार आणि त्याच हातानं बाळाला. धुवा."

मी धुतले. त्या शेजारी उभ्या राहून भिंतीवरच्या घड्याळात दोन मिनिटं मोजत होत्या. मी पंचवीस वर्षांची होते, इंजिनिअरिंगची पदवी पदरात होती आणि शाळेत नखं तपासणाऱ्या बाईंसमोर उभं राहावं तशी मी त्या बेसिनपाशी उभी होते. मला भयंकर राग आला होता. तो त्यांनी पाहिला असणार, पण दोन मिनिटं दोनच राहिली.

सांगलीतलं तांबवेकर बाल रुग्णालय, दुसरा मजला, नवजात बाळांचा विभाग. चौदा काचेच्या पेट्या आणि त्यांत दिवस भरण्याआधी जन्मलेली, किलो-दीड किलोची बाळं. रूथ आवळे या विभागाच्या प्रमुख परिचारिका. वय बावन्न, त्यांतली तीस वर्षं बाळांत गेलेली. आणि मी त्यांच्याकडे 'अंकुर' बसवायला आले होते. अंकुर म्हणजे आमचं सॉफ्टवेअर. आमचं म्हणजे शेटे सरांचं. विश्रामबागेत एका दवाखान्याच्या वर दोन खोल्यांत त्यांची कंपनी होती आणि पाचजणांत प्रोग्राम लिहिणारी मी एकटी.

काम ऐकायला साधं होतं. डॉक्टर औषध लिहितात ते वजनाच्या हिशेबानं, किलोमागे इतकं. मग प्रत्येक बाळाच्या वजनाप्रमाणे किती थेंब, किती मिली, हे नर्सनं काढायचं. आवळे सिस्टरांनी त्यासाठी एक मोठी वही घातली होती. दोन नर्सनी एकमेकींचं न बघता गणित करायचं, एकीनं डावीकडे लिहायचं, दुसरीनं उजवीकडे. दोन्ही आकडे जुळले तरच औषध सिरिंजमध्ये भरायचं. चौदा बाळं, दर पाळीला पाऊण तास. आता अंकुरमध्ये वजन भरलं की डोस छापलेली स्लिप बाहेर येणार होती.

पहिली स्लिप निघाली तशी सिस्टरांनी ती चष्मा वर करून वाचली. बाळाचं वजन, औषध, डोस, सगळं वाचलं आणि अगदी खालच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं.

"हे काय? अंकुर शून्य पॉइंट सात."

"ती आवृत्ती आहे, सिस्टर. व्हर्जन नंबर. त्याच्याकडे कुणी बघत नाही."

"छापलंय म्हणजे कुणीतरी बघावं म्हणूनच छापलं असणार की. शून्य कशाचं?"

मला हे फार आवडलं, खोटं कशाला बोलू. त्या आकड्याबद्दल मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. शेटे सरांनीसुद्धा. राग कुठच्या कुठे गेला आणि मी स्टूल ओढून बसले.

"हे बघा, आकडे दोन आहेत. पुढचा आकडा सांगतो, काम पूर्ण झालंय की नाही. पुढे शून्य आहे तोवर ते अपुरं आहे. म्हणजे चालतं, पण आमचाच अजून त्याच्यावर पुरता भरवसा नाही. सगळं झालं, तपासून झालं, की शून्याचा एक होणार."

"आणि मागचा?"

"मागचा म्हणजे दुरुस्त्या. किती वेळा त्यात काय काय सुधारलं ते. आत्ता सात वेळा. पुढचा एक झाला की मागचा परत शून्यापासून. मग एक पॉइंट एक म्हणजे, पूर्ण झाल्यावर पुन्हा एकदा काहीतरी दुरुस्त केलं."

"म्हणजे पुढे शून्य असेपर्यंत माझी वही चालू ठेवायची."

"ठेवाच."

त्यांनी वहीचं पहिलं पान उघडलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'पुढे शून्य असेपर्यंत वही चालू ठेवणे.' खाली तारीख, आणि कंसात 'वृषाली मॅडम' असं माझं नाव. मग उजवीकडे रेघ मारून तिसरा रकाना आखला, स्लिपवरच्या आकड्यासाठी. आता तिन्ही आकडे जुळले तरच औषध जाणार होतं. विभागातल्या मुलींनी एकमेकींकडे पाहून डोळे फिरवले, कारण यंत्र आल्यावर काम कमी व्हायच्या ऐवजी एक रकाना वाढला होता. जाताना मी पायऱ्या उतरत होते आणि मनात म्हणत होते, असं गिऱ्हाईक सगळ्यांना मिळो.

पुढचे काही महिने मी आठवड्यातून एकदा तिथे जायचे. हात धुवायचे, आता न सांगता. सिस्टर वहीतून मला काय चुकलं ते दाखवत. एकदा स्लिपवर दशांशाचं टिंब इतकं फिकं छापलं जात होतं की दीडचे पंधरा वाटावेत. ते वहीनं पकडलं. मी दुरुस्त केलं आणि ०.७ चं ०.८ झालं. त्या दिवशी सिस्टरांनी मुलींना बोलावून स्लिप दाखवली, "बघा, आठ झालं. मॅडमनी टिंबाचं केलं." त्या माझ्याकडून शिकल्या होत्या तसं त्यांनी त्यांनाही शिकवलं होतं. त्या विभागातली कालपरवा लागलेली नर्ससुद्धा तो आकडा माझ्या साहेबापेक्षा बरा वाचायची.

आता जुळ्यांचं सांगायला हवं.

नुकत्याच जन्मलेल्या बाळाला नाव नसतं. बारसं व्हायचं असतं. दवाखान्यात ते आईच्या नावानं ओळखलं जातं: बेबी ऑफ शोभा, बेबी ऑफ नसीमा. आणि नोंदही आईच्या दाखल क्रमांकावर होते. मी अंकुर तसंच लिहिलं होतं, एक आई, एक क्रमांक, एक बाळ. जुळी झाली तर काय, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एका दुपारी मी आपली खोटी नावं भरून प्रोग्राम तपासत होते, तेव्हा गंमत म्हणून एका आईला दोन बाळं दिली. स्लिपा आल्या. वर दोघांची वजनं बरोबर होती. पण खाली डोस दोघांनाही एकच. जे बाळ आधी भरलं त्याच्या वजनाचा.

मी शेटे सरांना सांगायला गेले.

"जुळी किती येतात तिथे?" त्यांनी विचारलं.

"महिन्या दोन महिन्यांनी एखादी जोडी."

"आणि वही आहे ना त्यांची?"

"वही आहे."

"मग जुळ्यांचं मागाहून बघ. आधी महिन्याचे तक्ते पूर्ण कर, डॉक्टरांना तक्ते दिसतात."

त्यात मला फार काही चुकीचं वाटलं नाही. वही होती. मी एका पिवळ्या कागदावर 'जुळी' असं लिहून तो माझ्या मॉनिटरच्या कडेला चिकटवला. तिथे आधीच्याही दोन कामांचे कागद होते.

ऑक्टोबरात दवाखान्याच्या नव्या इमारतीचं उद्घाटन ठरलं. कोल्हापूर, सातारा, कराडचे डॉक्टर येणार होते आणि शेटे सर त्यांना अंकुर दाखवणार होते. महिनाभर त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. त्यांना दोष देत नाही, पाचजणांचं घर त्या दोन खोल्यांवर चालत होतं. आदल्या दिवशी दुपारी त्यांचा बोर्ड रंगवणाऱ्याकडून फोन आला.

"वृषाली, ते पुढचं शून्य काढ."

"का?"

"अगं, कराडच्या डॉक्टरांनी फोनवर विचारलं, कितवं व्हर्जन आहे. शून्य पॉइंट आठ म्हटल्यावर म्हणाले, म्हणजे अजून व्हायचंय का? आता काय सांगू? बोर्डावर मी एक पॉइंट एक लिहून घेतोय. तिकडे आत तसंच दिसायला पाहिजे."

"सर, अजून कामं राहिलीत. आणि काढायचंच तर एक पॉइंट शून्य होईल. एक पॉइंट एक कसं?"

त्यांनी कारण सांगितलं. मला ते ऐकून हसू आलं. ते पण हसले. मग मी आकडा बदलला.

एका फाइलीतली एक ओळ होती ती. मला वीस सेकंद लागले असतील. वाईट काहीच वाटलं नाही. उलट बरं वाटलं. इतके दिवस ते शून्य माझ्याच प्रगतिपुस्तकावर असल्यासारखं मला खुपत होतं. गेलं एकदाचं. दवाखान्यात जाऊन मी नवी प्रत बसवली, स्लिप छापून पाहिली आणि घरी आले. सिस्टर त्या दिवशी नव्हत्या, पुतणीच्या लग्नाला गडहिंग्लजला गेल्या होत्या.

उद्घाटन झकास झालं. बोर्डावर मोठ्या हिरव्या अक्षरांत 'अंकुर १.१' होतं.

त्यानंतर दोन दिवसांनी ऑफिसात फोन वाजला.

"मॅडम, रूथ आवळे बोलतेय. शून्य गेलं म्हणे?"

"गेलं, सिस्टर."

"मी आत्ता स्लिप बघितली. एक पॉइंट एक. म्हणजे पूर्ण झालं, आणि वर अजून एक दुरुस्तीपण केलीत."

"तुमचं अगदी पाठ आहे की हो!"

"तर मग? तुम्हीच शिकवलंय." त्या हसल्या. "अभिनंदन हं, मॅडम. मनापासून."

"थँक यू, सिस्टर."

एवढंच. माझ्यासमोर डबा उघडा होता, भेंडीची भाजी होती. मी फोन ठेवला आणि जेवले. त्या अभिनंदन करत नव्हत्या, विचारत होत्या, हे मला कळलं नाही असं मी पुढे पुष्कळांना आणि स्वतःला सांगितलं. नीट आठवलं तर मला ते थोडं कळलं होतं. 'पाठ आहे की' म्हणताना मी एक क्षण थांबले होते. पण आता मध्येच 'नाही हो सिस्टर, तो आकडा तसाच लावलाय' असं कसं म्हणायचं? मला लाज वाटली. त्यांच्यासमोर वाटली म्हणूनच मी बोलले नाही.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात सुरेखा नावाच्या एका बाईला आठव्या महिन्यात जुळी झाली. मुलगा बावीसशे ग्रॅमचा, मुलगी अकराशे. दोघांनाही जंतुसंसर्ग होता, दोघांनाही एकच प्रतिजैविक सुरू झालं. ते औषध चांगलं आहे, पण डोस वाढला तर मूत्रपिंडाला आणि कानाला धरतं. अंकुरमध्ये मुलगा आधी भरला गेला होता.

पाचव्या दिवशी मुलीची लघवी कमी झाली. रक्ताचा रिपोर्ट बिघडलेला आला. डॉक्टर जंतुसंसर्गच वाढलाय असं धरून चालले होते. आवळे सिस्टर मात्र दुपारी बारा वाजता कपाटाशी गेल्या, वही काढली आणि पेन्सिलीनं गणित केलं. मग एका मुलीला बोलावून, आपलं उत्तर झाकून, तिच्याकडून करून घेतलं. मग त्या तशाच तिसऱ्या मजल्यावर डॉक्टर तांबवेकरांच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, "सर, मुलीला पाच दिवस दुप्पट डोस गेलाय. माझ्या विभागात."

हे मला नंतर कळलं. आम्हाला फोन आला तो तासाभरानं. मी पिवळा कागद मॉनिटरवरून काढला आणि दुरुस्तीला बसले. दोन तासांत झाली. त्यात एक चहासुद्धा झाला. दोन तासांचं काम होतं ते!

मुलगी वाचली. हे आधीच सांगते, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागेल. मूत्रपिंडं हळूहळू ताळ्यावर आली. कानांचं मात्र सहा महिन्यांनी तपासणी झाल्याशिवाय सांगता येणार नव्हतं. सहा महिन्यांनी मी विचारलं नाही. पुढेही कधी विचारलं नाही.

चौकशी गुरुवारी दुपारी ठेवली होती. गाडीत शेटे सर मला म्हणाले, "खोटं अजिबात बोलायचं नाही. पण विचारतील तेवढंच."

"आणि जुळ्यांचं आपल्याला माहीत होतं ते?"

"विचारलं तर सांग की," ते म्हणाले, आणि पुढे रस्त्याकडे बघत राहिले. त्यांचा आवाज घोगरा झाला होता. आदल्या रात्री ते झोपले नव्हते. मला त्यांची दया आली आणि त्या दयेचा मला फार उपयोग झाला.

डॉक्टर तांबवेकरांच्या खोलीत लांब टेबल होतं. ते स्वतः आणि बाहेरून बोलावलेले एक वयस्क डॉक्टर एका बाजूला बसले होते. या बाजूला शेटे सर आणि मी. टेबलाच्या टोकाला आवळे सिस्टर, पांढऱ्या गणवेशात, हात मांडीवर. वही बाहेरच्या डॉक्टरांसमोर उघडी होती.

"सिस्टर, ही वही सात महिने रोज भरलीय. एकही दिवस चुकलेला नाही," ते म्हणाले. "आणि मग बावीस ऑक्टोबरनंतर कोरी. का?"

"मीच बंद केली, सर. सगळ्यांना मी सांगितलं, आता स्लिपवर भागेल."

"कशावरून?"

"पुढचं शून्य गेलं म्हणून."

ते गोंधळले. सिस्टरांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. पुढचा आकडा, मागचा आकडा, अपुरं, पूर्ण, दुरुस्ती. मी सांगितलं होतं त्याच शब्दांत, तेवढ्याच शांतपणे. वहीचं पहिलं पान उलटून माझं नाव दाखवलं. "दर पाळीला पाऊण तास जात होता, सर. तेवढा वेळ पोरींना बाळांजवळ मिळेल म्हणून मी वाट बघत होते, शून्य कधी जातंय याची. गेल्यावर मी मॅडमना फोन पण केला. खात्री केली."

"मॅडम काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, तुमचं पाठ आहे."

बाहेरचे डॉक्टर माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा कठोर नव्हता. ते आजोबांसारखे दिसत होते आणि त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.

"तुम्ही यांना सांगितलं होतंत, शून्य असेपर्यंत वही ठेवा?"

"हो."

"शून्य गेल्यावर वही बंद करा, असंही सांगितलं होतंत?"

शेटे सरांचा गुडघा टेबलाखाली हलायचा थांबला.

त्या क्षणात मी जे जे बोलू शकले असते ते सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. काम अपुरं होतं. मला माहीत होतं. आकडा मी बदलला, काम न करता. सिस्टरांनी फोनवर मला विचारलं आणि मी ते हसण्यावारी नेलं. यातलं एक वाक्य पुरलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "वही बंद करा असं मी सांगितलं नाही."

खरं होतं ते. शब्दन् शब्द खरं होतं.

"सिस्टर?" डॉक्टर तांबवेकरांनी विचारलं.

आवळे सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. रागानं नाही. वहीतले दोन आकडे जुळतात का हे त्या ज्या नजरेनं बघायच्या, त्याच नजरेनं. आठवत होत्या त्या. मी काय म्हणाले होते, त्या दिवशी स्टुलावर बसून, आणि मग फोनवर.

"बरोबर आहे, सर," त्या म्हणाल्या. "बंद करा असं त्या नाही म्हणाल्या. मीच तसं धरलं."

डॉक्टर तांबवेकरांनी ते लिहून घेतलं. पुढे फारसं काही झालं नाही. शेटे सरांनी सांगितलं की दुरुस्ती त्याच दिवशी दोन तासांत केली आहे, आणि बाहेरच्या डॉक्टरांनी तत्परतेबद्दल मान डोलावली. चूक आधीपासून माहीत होती का, हे कुणी विचारलं नाही. मुलीच्या घरच्यांना काहीतरी सांगायला हवं होतं, आणि काय सांगायचं ते आता टेबलावर लिहिलेलं होतं. तीस वर्षांची नोकरी या महिन्याअखेर राजीनामा देऊन संपवायची ठरली. 'सन्मानानं' असा शब्द डॉक्टर तांबवेकरांनी दोनदा वापरला. सिस्टर "बरं, सर" म्हणाल्या आणि उठल्या.

शेटे सर गाडी काढायला पुढे गेले. मी मुद्दाम मागे रेंगाळले, त्या निघून जाव्यात म्हणून. पण त्या जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. माझीच वाट बघत होत्या.

"मॅडम, एक विचारू?"

"विचारा ना."

"पुढचा एक माझ्या ध्यानात आला. तुम्हाला वाटलं असेल पूर्ण झालंय, नव्हतं झालं, माणसाचं होतं असं. पण मागचा एक कशाचा होता?"

"म्हणजे?"

"एक पॉइंट एक. पूर्ण झाल्यावर वर एक दुरुस्ती, असं तुम्ही सांगितलेलं. मी चार दिवस आठवतेय. टिंबाचं तर आठमध्ये झालं. मग ही कशाची? मी पोरींना सांगून बसले, मॅडमनी पुन्हा एकदा तपासून दुरुस्त केलंय म्हणून. त्यांनी विचारलं काय दुरुस्त केलं, तर मला सांगता येईना. तेवढं कळलं तर बरं होईल."

मला काहीही सांगता आलं असतं. पडद्यावरचे रंग बदलले, छपाई सुधारली, काहीही. त्यांनी विश्वास ठेवला असता, त्यात शंकाच नाही. टेबलापाशी मी खरं बोलून त्यांना बुडवलं होतं, आणि इथे जिन्यावर, जिथे लिहून घ्यायला कुणी नव्हतं, तिथे मला एकाएकी खोटं बोलवेना.

"काहीच नव्हतं दुरुस्त केलं, सिस्टर."

"मग एक कसा?"

"शेटे सर म्हणाले, शून्यावर शेवट नको. आहेराच्या पाकिटात कसा वर एक रुपया ठेवतात, तसा. शकुनाचा होता तो."

त्यांचे ओठ हलले, मनातल्या मनात तो शब्द त्यांनी एकदा म्हणून पाहिला असावा.

"शकुनाचा," त्या मग म्हणाल्या. "असं होय."

"सिस्टर, मी—"

"पाळी आहे माझी अजून. तीनचे डोस द्यायचेत." त्यांनी गणवेशाच्या बाह्या कोपरावर सरकवल्या आणि त्या दुसऱ्या मजल्यावर गेल्या. बेसिनचा नळ सुटल्याचा आवाज मला वरपर्यंत आला.

माझ्या मागे डॉक्टर तांबवेकरांच्या खोलीचं दार उघडंच होतं. दोघे डॉक्टर आत होते. शिपाई त्यांना चहा घेऊन गेला होता आणि कपबशांचा आवाज येत होता. तो कागद टेबलावर असणार, शाई वाळायची असणार. मला आत जाऊन फक्त एवढं म्हणायचं होतं की मघाशी मी अर्धंच सांगितलं. आठ-दहा पावलं होती.

खाली शेटे सरांनी हॉर्न दिला. मी जिना उतरले.